वस्तू आली, विद्या मागे राहिली



व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर आजचा विषय वाचून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. ज्या परंपरेचा आरंभ न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात केला, तिच्या व्यासपीठावर वेदान्त चालतो, इतिहास चालतो, अर्थकारण चालते. पण जुन्या मोटारीतला मुका झालेला रेडिओ आणि तिची हरवलेली माहितीपुस्तिका, हा काय व्याख्यानाचा विषय झाला? असा आक्षेप कोणी घेतला तर आम्हांला त्याचा राग येणार नाही. मात्र या लहानशा विषयाच्या पोटात एक मोठा प्रश्न दडलेला आहे आणि तो प्रत्येक घरातला आहे. एखादी वस्तू आपण पैसे मोजून घेतो, तेव्हा नेमके काय घेतो? लोखंड, काच आणि रबर एवढेच घेतो, की ती वस्तू चालवण्याची, उघडण्याची आणि दुरुस्त करण्याची विद्याही तिच्याबरोबर घेतो? आजचे सारे विवेचन या एका प्रश्नाभोवती आहे.

प्रथम प्रसंग कसा घडतो ते पाहू. नांदेडहून हैदराबादेकडे जाणारा रस्ता आपल्या नायगावावरून जातो. या रस्त्याने माल येतो, माणसे येतात, तशा वापरलेल्या मोटारीही येतात. समजा, कोणी एक शिक्षक किंवा सोयाबीनचे चार पैसे हाती आलेला शेतकरी पंधरा वर्षे वापरलेली एक मोटार घेतो. फॉर्म २९ आणि ३० भरले जातात, गाडी परराज्यातली असेल तर ना-हरकत दाखला येतो, आरसी बुक नावावर होते. गाडीची एक चावी मिळते. दुसरी 'शोधून देतो' असे आश्वासन मिळते. सारे यथास्थित होते. मग वैशाख येतो. आपल्याकडच्या उन्हात माणूस खचतो, तशी बॅटरीही लवकर खचते. मिस्त्री जुनी बॅटरी काढतो, नवी बसवतो, गाडी सुरू होते. पण रेडिओ लावावा तर नांदेड केंद्र लागत नाही की परभणी लागत नाही. त्याच्या इवल्याशा पडद्यावर 'कोड' किंवा 'सेफ' अशी अक्षरे उमटतात आणि पेटी गप्प बसते. तिला चार आकडे हवे आहेत. ते आकडे पहिल्या मालकाला ठाऊक होते. तो पहिला मालक कोण आणि कुठे, हे मात्र कोणालाच ठाऊक नाही.

हे कुलूप आले कोठून, हे समजून घेतले म्हणजे अर्धा राग निवळतो. मोटारीतला रेडिओ जुना आहे. अमेरिकेत गॅल्व्हिन यांच्या कारखान्याने १९३० साली मोटारीसाठी रेडिओ काढला आणि त्याला 'मोटोरोला' हे नाव दिले. जर्मनीत ब्लाउपुंक्टने १९३२ साली आपला पहिला मोटार-रेडिओ बाजारात आणला. पुढे या पेट्यांचे माप ठरून गेले: रुंदी १८० मिलिमीटर, उंची ५० मिलिमीटर. या ठरीव मापामुळे कोणत्याही कंपनीची पेटी कोणत्याही गाडीत बसू लागली. ग्राहकाची सोय झाली आणि चोराची त्याहून अधिक झाली. काच फोडावी, पेटी ओढावी, चोरबाजारात विकावी. १९८० नंतरच्या दशकात युरोपच्या शहरांत ही चोरी इतकी बोकाळली की कारखानदारांनी पेटीतच कुलूप घातले.

त्याची रचना साधी आहे. रेडिओला विजेच्या दोन वाटा असतात. एक वाट चावी फिरवल्यावर उघडते. दुसरी बॅटरीतून सदैव चालू असते, घड्याळ आणि स्टेशनांची आठवण जिवंत ठेवते. ही दुसरी वाट तुटली की पेटी समजते, 'आपल्याला कोणी गाडीतून उपटले.' पुन्हा वीज मिळाल्यावर ती आधी ओळख मागते. ती ओळख म्हणजे पेटीतल्या एका लहानशा स्मृतीच्या चकतीत कारखान्यातच लिहून ठेवलेले चार आकडे. वीज गेली तरी ते पुसले जात नाहीत. चोराने पेटी नेली तरी त्याला ती वाजवता येऊ नये, म्हणजे चोरीतला नफाच संपेल, असा हा विचार. विचार चांगला होता.

पण चोराला ओळखण्याची बुद्धी पेटीला कोठून असणार? बॅटरी बदलणारा मिस्त्री आणि काच फोडणारा चोर हे दोघेही तिच्या लेखी सारखेच. त्यातून आपल्या जुन्या म्हणीचा प्रत्यय येतो: चोर सोडून संन्याशाला सुळी. चोर केव्हाच मोबाइल चोरण्याकडे वळला. जुन्या मोटारीच्या रेडिओला आता कोणी हात लावत नाही. शिक्षा भोगतो आहे तो रीतसर पैसे देऊन गाडी घेणारा दुसरा, तिसरा मालक.

'चारच आकडे ना? मग एकेक करून पाहू,' असे कोणी म्हणेल. थोडे गणित करू. चार आकड्यांच्या एकूण दहा हजार जोडण्या होतात. फोक्सवॅगन आणि स्कोडा या घराण्यातल्या त्या काळच्या अनेक रेडिओंवर दोनदा चूक झाली की पेटी सुमारे एक तास काही ऐकूनच घेत नाही. म्हणजे तासाला दोन प्रयत्न. दहा हजार प्रयत्नांना पाच हजार तास. रात्रंदिवस कोणी गाडीत बसून राहिला तर २०८ दिवस, जवळजवळ सात महिने! एवढ्या तपश्चर्येत दुसरे काही तरी साधेल; रेडिओसाठी ती कोणी करू नये. काही पेट्या तर ठरावीक चुकांनंतर कायमच्या अडून बसतात. म्हणून पहिला नियम असा की अंदाजाने आकडे दाबत बसू नये.

मग करावे काय? एक क्रम सांगतो. प्रथम गाडीतच शोधावे. डॅशबोर्डच्या कप्प्यातले कागद, माहितीपुस्तिकेची आतली पाने, सर्व्हिसची वही, फ्यूजच्या डबीचे झाकण, या जागी पूर्वीच्या मालकाने किंवा विक्रेत्याने आकडे लिहिलेले किंवा चिठ्ठी चिकटवलेली असू शकते. क्रेडिट कार्डाएवढे एखादे पुठ्ठ्याचे कार्ड सापडले तर ते टाकू नये. तीच किल्ली असू शकते.

तेथे न मिळाले तर पेटीचा स्वतःचा क्रमांक मिळवावा. तो पेटीच्या अंगावर चिठ्ठीवर छापलेला असतो. स्कोडाच्या पेटीवर तो 'एसकेझेड' या अक्षरांनी सुरू होतो, फोर्डच्या अनेक पेट्यांवर 'व्ही' किंवा 'एम' या अक्षराने. पेटी बाहेर काढायला तिच्या दोन्ही कडांच्या भोकांत किंवा फटींत घालायच्या खास चाव्या मिळतात. पेचकसाने उचकटून काढू नये. डॅशबोर्ड फुटतो आणि खर्च दुप्पट होतो. काही होंडा आणि फोर्ड गाड्यांत तर पेटी काढावीही लागत नाही: एक आणि सहा या क्रमांकांची बटणे एकदम दाबून धरली की तो क्रमांक पडद्यावर दिसतो.

हा क्रमांक, चासीचा क्रमांक, आरसी बुक आणि स्वतःच्या ओळखीचा कागद घेऊन कंपनीच्या अधिकृत केंद्रात जावे. कंपनीच्या नोंदीत कोणत्या पेटीला कोणते आकडे हे लिहिलेले असते आणि खरा मालक आहे अशी खात्री पटली की ते सांगता येतात. तेथे दाद लागली नाही, तर इलेक्ट्रॉनिक वस्तू दुरुस्त करणारा जाणता कारागीर पेटीतली स्मृतीची चकती वाचून आकडे काढू शकतो. येथे दोन शब्द मिस्त्रीबंधूंसाठी. असे काम करताना आरसी बुक अवश्य पाहावे. कुलूप उघडण्याची विद्या ज्याच्या हाती आहे, त्याने मालक कोण हे विचारलेच पाहिजे. आणि ग्राहकासाठी एक शब्द असा, की जो आरसी बुक न मागता उघडून देतो, त्याच्या दारी जाऊ नये. फोनवरून आधी पैसे मागून नंतर आकडे कळवतो म्हणणाऱ्या अनोळखी माणसापासूनही दूर राहावे.

एवढे करूनही जमले नाही, तर पेटी बदलावी. माप ठरीव असल्यामुळे नवी पेटी बसते. फक्त कारखान्याची मूळ जोडणी कापू नये; मधला जोड बाजारात मिळतो, तो वापरावा. कापलेल्या तारा पुढच्या मालकाला आणि पुढच्या मिस्त्रीला कोडे होऊन बसतात. रेडिओपुरता प्रश्न येथे सुटतो. पण गाडीतली प्रत्येक गोष्ट अशी बदलून टाकता येत नाही, आणि म्हणून आता माहितीपुस्तिकेकडे वळू.

'गाडीचे पुस्तक' असे आपण सरसकट म्हणतो. वस्तुतः ती चार निरनिराळी पुस्तके आहेत. पहिले मालकाचे पुस्तक: तेल कोणते, टायरमध्ये हवा किती, कोणता फ्यूज कशाचा. दुसरे दुरुस्तीचे पुस्तक: इंजिन कसे उघडावे, कोणता बोल्ट किती जोराने आवळावा. तिसरे सुट्या भागांची क्रमांकवार यादी. चौथा विजेच्या तारांचा नकाशा. पहिले पुस्तक ग्राहकाला मिळते आणि बहुधा पहिल्याच मालकाच्या घरी माळ्यावर राहते. उरलेली तीन ग्राहकाच्या दृष्टीसही पडत नाहीत. ती कारखाना आणि त्याचे अधिकृत केंद्र यांच्यातच राहत आली.

जोवर कारखाना चालू आहे, तोवर हे सोसते. पण कारखाना उठून गेला तर? ही भीती काल्पनिक नाही. शेवरलेच्या गाड्यांची भारतातली विक्री २०१७ अखेर थांबली. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये येथले उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. फियाट, ओपेल, देवू ही नावे त्याआधी किंवा त्याच सुमारास बाजारातून गेली. अँबेसडर २०१४ साली थांबली. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीची पद्मिनी त्याही आधी बंद झाली. मुंबईच्या रस्त्यांवर तिची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावली. गाड्या राहिल्या, आईबाप गेले, अशी ही अवस्था. अशा गाडीचे पुस्तक हेच तिचे उरलेले माहेर.

ते शोधण्याची एक युक्ती आहे आणि ती फार उपयोगी आहे. आपल्याकडच्या पुष्कळ गाड्या परदेशात दुसऱ्याच नावाने वावरतात. अँबेसडर म्हणजे इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. पद्मिनी म्हणजे इटलीची फियाट ११००. शेवरले स्पार्क म्हणजे कोरियाच्या देवूची मॅटिझ; ऑप्ट्रा म्हणजे लॅसेटी; टवेराचे मूळ इसुझूच्या पँथरमध्ये. ह्युंदाईची पहिली सँट्रो बाहेर अटॉस नावाने विकली गेली. महिंद्राची जुनी जीप ही विलीसची. येथल्या नावाने शोधून हात हलवत परतलेला माणूस परदेशी नावाने शोधील तर पुष्कळदा पुस्तक सापडते. इंटरनेट आर्काइव्हसारख्या सार्वजनिक संग्रहात जुन्या पुस्तिकांच्या प्रती चित्ररूपाने ठेवलेल्या आहेत. हैदराबादच्या अबिड्सला रविवारी भरणारा जुन्या पुस्तकांचा बाजार आणि पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार येथेही नजर टाकावी. मात्र मिळालेले पुस्तक आपल्याच गाडीचे आहे ना, हे इंजिनाच्या प्रकारावरून आणि सालावरून ताडून पाहावे. स्टिअरिंगची बाजू, दिवे, स्प्रिंगा यांत देशोदेशी फरक असतो.

तारांचा नकाशा पाहून पुष्कळजण घाबरतात. घाबरण्याचे कारण नाही. युरोपीय गाड्यांच्या नकाशांत काही आकडे ठरलेले आहेत: ३० म्हणजे बॅटरीची सदैव चालू तार, १५ म्हणजे चावी फिरवल्यावर चालू होणारी, ३१ म्हणजे अर्थिंग. या तीन आकड्यांची ओळख झाली की निम्मा नकाशा बोलू लागतो. आमच्या मुक्या रेडिओची ती सदैव चालू असणारी वाट, तीच ही ३० क्रमांकाची.

दुरुस्तीची विद्या सामान्य माणसासाठी लिहिता येते, हे इंग्लंडात जॉन हेन्स यांनी दाखवून दिले. त्यांच्या दुरुस्तीच्या पुस्तकांपैकी पहिले १९६६ साली निघाले, ऑस्टिन-हीली स्प्राइट या छोट्या गाडीवर. त्यांची पद्धत सरळ होती. गाडी शेवटच्या स्क्रूपर्यंत खोलायची, पायरीपायरीला छायाचित्रे घ्यायची, पुन्हा जोडायची, आणि जे हातांनी केले तेच लिहायचे. आपल्याकडे असे कारागीर कमी नाहीत. नांदेड, देगलूर, नरसीच्या गॅरेजांत नुसत्या आवाजावरून इंजिनाचा रोग ओळखणारे मिस्त्री आहेत. पण त्यांची विद्या कागदावर उतरत नाही. ती उस्तादाकडून शागिर्दाकडे जाते आणि शागिर्द मिळाला नाही तर उस्तादाबरोबरच जाते.

मराठवाड्याच्या माणसाला याचा अर्थ निराळा समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या कित्येक घरांत निजामी राजवटीतले जमिनीचे कागद आहेत. कागद शाबूत आहे, शिक्का स्पष्ट आहे. पण मजकूर उर्दूत किंवा मोडीत आहे आणि गावात वाचणारा उरलेला नाही. जमीन आपली, कागद आपला, आणि अर्थ मात्र परक्याच्या हाती! वस्तूची मालकी असणे आणि तिच्या विद्येची मालकी असणे या दोन गोष्टी वेगळ्या पडल्या म्हणजे माणूस कसा परावलंबी होतो, हे आपण पिढ्यान्पिढ्या अनुभवले आहे. मोटारीच्या बाबतीत तेच नव्या लिपीत घडते आहे.

हा प्रश्न आपल्या देशात न्यायासनापुढेही गेला. २०११ साली एका ग्राहकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली की मोटार कंपन्या सुटे भाग, तपासणीची यंत्रे आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना मिळू देत नाहीत, म्हणून ग्राहकाला एकाच दारी जावे लागते. तीन कंपन्यांवरची ती तक्रार चौकशीत वाढत गेली. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ कंपन्यांना दोषी धरले, एकूण सुमारे २,५४४ कोटी रुपये दंड सांगितला, आणि सुटे भाग व माहिती स्वतंत्र कारागिरांना खुली करावी असा आदेश दिला. पुढे अपिले झाली, दंडाच्या रकमेचा वाद चालला. पण गाडी विकल्यावर तिची विद्या कुलपात ठेवणे हा बाजारातला अन्याय आहे, हे तत्त्व एकदा अधिकृतपणे उच्चारले गेले. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिने लक्ष घालण्यासाठी निवडलेल्या क्षेत्रांत मोटारी आहेत, मोबाइल आहेत, घरगुती उपकरणे आहेत आणि शेतीची अवजारेही आहेत.

शेतीची अवजारे हा शब्द आम्ही मुद्दाम ठळक करतो. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने २०२३ साली कायदा करून शेतकऱ्याला आपला ट्रॅक्टर दुरुस्त करण्यासाठी लागणारी पुस्तके, सुटे भाग आणि संगणकी साधने मिळण्याचा हक्क दिला. तेथल्या शेतकऱ्याचे गाऱ्हाणे काय होते? ऐन सुगीत ट्रॅक्टर थांबतो. भाग बदलायला दहा मिनिटे पुरतात. पण बदललेला भाग ट्रॅक्टरच्या संगणकाने 'ओळखावा' म्हणून कंपनीच्या माणसाची वाट पाहावी लागते. म्हणजे आमचा रेडिओच, फक्त मोठा झालेला! रेडिओ मुका राहिला तर करमणूक बुडते. पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टर मुका राहिला तर वर्ष बुडते. आज लहान वस्तूत जे सोसले, ते उद्या मोठ्या वस्तूत अंगावर येते. म्हणून या विषयाला आम्ही किरकोळ मानीत नाही.

कारखानदारांचीही एक बाजू आहे आणि ती ऐकली पाहिजे. ते म्हणतात, अर्धवट माणसाने ब्रेक उघडला तर जीव जाईल; कुलपाची माहिती खुली केली तर चोराचे फावेल. या म्हणण्यात तथ्य आहे. पण अर्धवट ज्ञानावर उपाय पूर्ण ज्ञान हा आहे. पुस्तक न दिल्याने मिस्त्री ब्रेक उघडायचा थांबत नाही; तो पुस्तकावाचून उघडतो, एवढेच. आणि कुलपाचे म्हणाल तर चावी सर्वांना वाटा असे कोणीच म्हणत नाही. ती खऱ्या मालकाला, कागद पाहून, रास्त मोलात आणि कंपनी देशात असो वा नसो, मिळण्याची व्यवस्था असावी, एवढेच मागणे आहे.

आता आपल्या हातात काय आहे ते सांगून पुरे करतो. कायदा होईल तेव्हा होईल. तोवर गाव स्वस्थ बसण्याचे कारण नाही. जुनी गाडी घेताना आरसी बुक आणि विम्याबरोबर आणखी तीन गोष्टी मागाव्यात: दुसरी चावी, मालकाचे पुस्तक आणि रेडिओचा कोड. व्यवहार पुरा होण्याआधी मागाव्यात. पैसे दिल्यावर विक्रेत्याची आठवण क्षीण होते. गाडी विकताना हेच आपण होऊन द्यावे. बॅटरी सोडवण्यापूर्वी मिस्त्रीने 'कोड आहे का?' असे एकदा विचारावे. एवढ्या एका प्रश्नाने पुष्कळ मनस्ताप वाचेल. आणि कोड मिळाला की तो गाडीत न ठेवता घरच्या कागदांत ठेवावा.

शेवटची सूचना आपल्या वाचनालयांसाठी. मराठवाड्यात वाचनालय ही नुसती कादंबऱ्यांची जागा कधीच नव्हती. ज्या काळात सभा भरवायलाही सरकारची परवानगी लागे, त्या काळात वाचनालयांनी लोकांना जागे ठेवले. त्याच वाचनालयात एक कपाट दुरुस्तीच्या विद्येचे असावे. घरोघर माळ्यावर पडलेली मोटारींची, ट्रॅक्टरांची, पंपांची, शिलाई यंत्रांची पुस्तके तेथे जमा करावीत. गावातल्या जुन्या मिस्त्रींना बोलते करून शाळेतल्या मुलांनी त्यांचे अनुभव मराठीत लिहून काढावेत. ट्रॅक्टरच्या क्लचवर किंवा पंपाच्या वाइंडिंगवर आपल्या बोलीत लिहिलेली वीस पानांची वही हा गावाचा ठेवाच होय. याला अनुदान नको, इमारत नको. एक कपाट आणि ते उघडे ठेवणारा माणूस पुरे.

ज्याची वस्तू त्याला तिची विद्या मिळाली पाहिजे. ती दुसऱ्याच्या कुलपात राहिली तर आपण मालक नव्हे, केवळ भाडेकरू ठरतो. हे भाडेकरूपण नाकारण्याची सुरुवात एखाद्या मोठ्या चळवळीने व्हावी असे नाही. घरी गेल्यावर आपल्या गाडीचे पुस्तक कोठे आहे एवढे प्रत्येकाने शोधले, तरी आजच्या संध्याकाळचे सार्थक झाले असे आम्ही मानू.